दिवसा उठवू नये

भोईवाड्यातल्या आमच्या खोलीच्या दाराला
एक पुठ्ठा लटकायचा, सलाईनच्या खोक्याचा,
कोऱ्या बाजूला निळ्या शाईत आईचं अक्षर:
"नाइट ड्यूटी. दिवसा उठवू नये.
आग लागली असेल तर आधी बंबवाल्यांना उठवा."

शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात एकोणतीस वर्षं,
सिस्टर प्रियंवदा बोर्डे.
खोकणाऱ्या माणसांत राहून
तिचं हसणं मोठं झालं होतं,
वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढं.
उशीखाली बिडी लपवणाऱ्याला म्हणायची,
"दे इकडे. एक तर तू ओढ, नाहीतर मी सुई देते.
दोघांनी एकाच फुप्फुसावर काम करायचं नाही."
नव्या डॉक्टरला म्हणायची,
"साहेब, हे अक्षर वाचून मी औषध दिलं
आणि माणूस गेला, तर पाप अर्धं अर्धं."
तो लाल व्हायचा.
दुसऱ्या दिवसापासून छापल्यासारखं लिहायचा.

घर सगळं चिकटपट्टीवर चालायचं.
दातांनी टर्रकन फाडून तिने जोडलेलं
माझं भूगोलाचं पुस्तक, भावाची बॅट,
टेबलफॅनचं पातं,
एकदा तर मोरीतला नळ.
चादरीचे कोपरे असे दुमडायची
की झोपायला आत शिरताना
परवानगी घ्यावीशी वाटायची.

तिची जीभ सगळ्यांनाच मानवली असं नाही.
धाकटी मावशी दोन वर्षं बोलत नव्हती.
आणि दहावीत माझं गणित राहिलं तेव्हा
ती जे म्हणाली
ते मी इथे लिहिणार नाही.

आणि शिरा.
बसमध्ये दांड्याला धरलेले हात बघत बसायची.
"तो कंडक्टर बघ. काय शीर आहे!
डोळे मिटून सुई लागेल."
मी खिडकीबाहेर बघायचे, जणू ही बाई माझी कुणी नव्हे.
रत्नाकर पहिल्यांदा घरी आला
तेव्हा तिने पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही.
चहाचा कप देता देता त्याचा हात उलटा केला, म्हणाली,
"चालेल. अडीअडचणीला रक्त देईल."

बाबा गेले त्या सकाळी
तिने आधी त्यांचं मनगट धरलं, मग घड्याळ बघितलं.
"सहा वाजून बारा मिनिटं."
कुणाला तरी नोंद करायला सांगावी, तसं.
हनुवटीला पट्टी बांधली,
गाठ कानामागे, टोचू नये अशी.
मग मोरीत गेली, दार लोटलं, आणि तो जोडलेला नळ सोडला.
खूप वेळ सोडला.
त्या दिवशी मजल्यावर कुणालाच पाणी पुरलं नाही,
आणि कुणी काही बोललं नाही.

गेल्या वर्षी पलंगावर ती.
सांगोल्याहून आलेली पोरगी, पहिलीच नोकरी,
दोनदा टोचून चुकली. हात निळा पडला.
तिसऱ्यांदा सुई धरली तर सुईच थरथरायला लागली.
आई म्हणाली, "घाई नको, बाळ. मी कुठे पळून चाललेय?
डाव्या हाताला बघ, अंगठ्याच्या वर.
तिथे एक आहे.
तुझ्यासाठीच राखून ठेवलीय."
लागली.
मग मला म्हणाली, "हिला चहा पाज. साखर जास्त."

दगडवाला अक्षरामागे पैसे सांगत होता.
(आई असती तर जोडाक्षरावरून भांडली असती.)
भावाला शास्त्रातलं वचन हवं होतं.
मी पुठ्ठ्यावरचे तीन शब्द सुचवले.
पाद्रीसाहेब नुसतेच खाकरले.
शेवटी नाव आणि दोन तारखा.

पुठ्ठा माझ्याकडे आहे.
खिळ्याच्या भोकाशी चिकटपट्टी,
तिच्या कडेला दातांची नक्षी.
काल बसमध्ये समोरच्या म्हाताऱ्याच्या
मनगटाकडे बघत बसले.
माझा थांबा गेला.